काचेतली सवत

जेवण कसं झालंय, असं माझ्या नवऱ्याला विचारलं की उत्तर ठरलेलं. "बरं हाय." लग्नानंतरचा पहिला तांबडा रस्सा बरा होता, लेकीच्या बारशाचं जेवण बरं होतं, आणि व्याह्यांनी बोटं चाटली त्या दिवशीही ते बरंच होतं. शिवाजी पेठेतल्या पुरुषांची जीभच जड, अशी मी मनाची समजूत घातली होती.

मग तो वाईन क्लबात जायला लागला. त्याच्या पंपाच्या दुकानातल्या एक गिऱ्हाईक, डॉक्टरीणबाई, कळंब्याला आपल्या बंगल्यात तो क्लब चालवतात. एकदा भारीतल्या परदेशी बाटल्या उघडायच्या होत्या, म्हणून जोडीनं बोलावलं. मी पीत नाही, पण गेले. बघू तरी म्हटलं, काय एवढं असतं तिथं.

टेबलावर चिली, इटली, दक्षिण आफ्रिका आणि फ्रान्स. फ्रान्सची आधीच उघडून ठेवलेली. तिला श्वास घ्यायला वेळ द्यावा लागतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासरी आल्यापासून मला तेवढा वेळ कुणी दिला नव्हता.

क्लबाचा नियम असा, की पुस्तकी शब्द बोलायचे नाहीत. वास कशासारखा येतो ते आपापल्या घरातलं सांगायचं. फ्रान्सच्या वेळी नवऱ्याची पाळी आली. त्याने ग्लास हलकेच फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. मी नवी साडी नेसून समोर उभी राहिले तर या माणसाच्या हातातला पेपर खाली येत नाही.

"पयलं सुकं खोबरं," तो म्हणाला. "करपल्यालं न्हाय. कडा तांबूस झाल्या की लगेच गॅस बंद करायचा, तसलं. मागनं दगडफूल. आन तळाला, जांभळं खाऊन झाल्यावर बिया वाटीत ऱ्हात्यात की, तसं कायतरी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वहिनी, किती रसिक हो तुमचे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुन्हा ओतायला गेल्या. त्याने ग्लासवर हात ठेवला. "बास," म्हणाला. मी हसले, पण आतून नुसती जळत होते. सवत काय असते ते मला त्या काचेत दिसलं.

आणि मग डोक्यात आलं, गॅस बंद करणारी कोण? दगडफूल मसाल्यात घालणारी, जांभळाच्या बियांची वाटी उचलणारी कोण? म्हणजे याला सगळं कळत होतं. कळत असून तो इतकी वर्षं गप्प बसला, आणि माझ्या ओट्यावरचं सगळं कौतुक त्या बाटलीतल्या बयेला देऊन मोकळा झाला! मग तर मी जास्तच भडकले.

परतताना स्कूटर मी चालवत होते. "अहो, खोबरं कुणाच्या घरचं होतं?"

"कुणाचं म्हंजे? आपलंच की."

"मग मला कधी सांगितलं न्हाई ते?"

"तुला काय सांगायचं? तूच करतीस, तुला म्हाईत हाय की."

कपाळ माझं! मी स्कूटरचा वेग वाढवला.

पुढच्या रविवारी मी तांबडा रस्सा वाटीत वाढलाच नाही. त्याने क्लबातून आणलेला वाईनचा ग्लास मी घेतला, काच तडकू नये म्हणून आत चमचा ठेवला आणि रस्सा ओतला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग सवयीनं ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. मी पळी हातात धरून उभी.

"दगडफूल न्हाय घातलंस आज."

मुद्दामच घातलं नव्हतं. ते मी त्याला सांगितलं नाही. पण जीव कुठला गप्प बसतोय?

"आणि बाकीचं?"

"बाकीचं बरं हाय," तो म्हणाला. ग्लास रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला.

फ्रान्सची त्याने दुसऱ्यांदा घेतली नव्हती.