इथल्या माणसांचा भाव
परवा गंगापूरच्या जीपमध्ये बसले, आणि वाळूजपाशी कारखान्यांच्या नाल्याचा तो कडवट वास नाकात शिरला तशी माझी पहिली नोकरी आठवली. प्रदूषणानं लोकांचं होणारं नुकसान रुपयांत मांडायचं, हे माझं काम. इकडच्याच एका सल्लागार कंपनीत मी आणि पुण्याहून आलेली एक मुलगी एकाच दिवशी लागलो. डिग्री तीच, काम तेच, पगार मात्र तिला माझ्या दीडपट. साहेबांना विचारलं, तर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "तुम्ही इथल्याच ना? घरी राहता, घरचं जेवता. तुम्हाला जास्त कशाला लागतंय?" मी संतापानं पुढ्यातलं काम ओढलं. नाल्याकाठच्या गावातला माणूस आजारी पडला तर नुकसान किती, ते काढायचं होतं. पद्धत अशी, की त्याची जेवढी मजुरी बुडाली तेवढंच नुकसान. म्हणजे मजुरी कमी, तर आजारपणही स्वस्त! मी तणतणतच म्हटलं, "साहेब, यांना पुण्याची मजुरी धरू या की." ते हसले, "अहो, माणसं इथलीच आहेत ना!" घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "इतकं शिकून बी तू इथलीच व्हय?" आता मी पुण्यात असते, पगारही तिकडचाच. परवा जीपमध्ये सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले, मीही लावला. उद्या या वासानं आम्ही सगळे आजारी पडलो, तर हिशेबात सगळ्यात जास्त नुकसान माझंच निघेल.