पुण्यातले चांगले पब सांगणारा माणूस

एका गुरुवारी सकाळी दोन माणसं कळमनुरीत चहाच्या हॉटेलात आली. त्यांनी चहा घेतला, मालकाशी बोलली, मग समोरच्या वाचनालयात येऊन माझ्याशी बोलली आणि गेली. रविवारी निरोप आला की मालकाच्या मुलीचं ठरलेलं लग्न होणार नाही.

मालकांचं नाव लिहीत नाही. गावात त्यांना सगळे 'पुणेवाले' म्हणत. गिऱ्हाईक नसलं की ते उजवा हात कानापाशी नेत, एक डोळा बारीक करत आणि हातात काही नसताना समोरच्या भिंतीवर काहीतरी फेकत. मी पाहतोय हे लक्षात आलं की म्हणत, "कोपर हलून राहिलं सर. वय झालं."

चहाच्या हॉटेलात डार्टचा, म्हणजे आकड्यांच्या घरांवर छोटे बाण फेकायचा, बोर्ड कुठे असतो का, असं तुम्ही विचाराल. आमच्या गावात एका हॉटेलात होता.

पुणेवाले चौदा वर्षं पुण्यात एका पबमध्ये कामाला होते. आधी ग्लास धुवायचे. डार्टमध्ये पाचशे एकवरून वजा करत करत शून्यावर यायचं असतं, आणि शेवटचा बाण कडेच्या अरुंद पट्टीतच बसावा लागतो. पिणाऱ्यांची वजाबाकी फार लवकर बिघडते, म्हणून हिशोब लिहायचा खडू यांच्या हातात आला. मग एक दिवस कुणीतरी गंमत म्हणून बाणही दिला. मेंढरांमागे गोफण घेऊन फिरलेलं पोरगं ते. तिन्ही बाण एकाच घरात बसले. तिथून त्यांना नाद लागला. सुट्टीच्या दिवशी ते दुसऱ्या पबांत जाऊन खेळू लागले. समोर लिंबूसोडा ठेवून खेळायचे, असं ते सांगत.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा ते गावी परतले आणि हॉटेल टाकलं. बोर्ड त्यांनी इथेच करवून घेतला. दोर वळणाऱ्या एका म्हाताऱ्याला धरून, बांधावरच्या केकताडाचा, म्हणजे घायपाताचा, वाख कापून, दाबून, लोखंडी कड्यात बसवला. "पुण्यातल्या बोर्डातबी असाच वाख राहतो सर," ते म्हणाले. "लोकं समजतात विलायती हाय."

एकदा मी सहज विचारलं, चांगला पब कोणता म्हणायचा? त्यांनी किटली खाली ठेवली.

"दारूवरून न्हाई वळखायचा. उजेड बोर्डावर वरून पडला पाह्यजे, बाजूनं पडला की बाण आपल्याच सावलीत घुसते. फेकणाऱ्याच्या मधातून वेटर जायला नको. अन् बोर्ड दर हप्त्याला फिरवलेला पाह्यजे. न्हाई तं लोकं इसाच्याच घरात मारून मारून खड्डा करतात."

पबांची नावं त्यांना येत नसत, खुणा येत. फाटकाजवळच्या तळघरातला: बोर्ड एक नंबर, पण गाणी इतकी मोठ्यानं की आकडा बोटांनी दाखवावा लागे. बेकरीच्या वरचा: जागा लहान, माणसं सभ्य. गच्चीवरच्याचा विषय निघाला की ते हात झटकत. "वाऱ्यात कुटं डार्ट राह्यते का? ते फोटो काढाय ठेवेल हाय."

शिकायला, नोकरीला पुण्याला निघालेली पोरं त्यांच्याकडे येत. "मामा, पत्ता सांगा की." ते खुणांसकट सांगत आणि वर बजावत, "खेळाय सांगून राहिलो, प्याय न्हाई. प्यालं की कोपर हलतं."

पोरं हसत. मीही हसे.

त्यांची मुलगी बी.एस्सी. झालेली, एका शाळेत विज्ञान शिकवायची. एका मध्यस्थानं हट्टा गावाकडचं स्थळ आणलं. मुलगा वसमतला बँकेत होता. पाहणं झालं, पसंती झाली. एकदा पुस्तक परत करताना ती म्हणाली, "सर, त्यांनाबी वाचायची आवड हाय." मग उगाच शिक्क्याच्या डबीचं झाकण उघडून लावत बसली. इतकंच, पण तिचं मन त्या घरात जाऊन बसलंय हे मला कळलं.

चौकशी राहिली होती. आमच्याकडे पसंतीनंतर मुलाकडची दोन माणसं न सांगता येतात आणि मुलीच्या बापाबद्दल चार ठिकाणी विचारतात. त्या गुरुवारी मुलाचे चुलते आणि सोबत एक जण असे आले होते. बोर्डाकडे पाहून चुलत्यांनी विचारलं, हे काय लावलंय? पुणेवाल्यांना वाटलं, वाटसरू आहेत. त्यांनी खेळ समजावला. सोबतच्यानं हसत विचारलं, मग पुण्यात पब कोणते चांगले? यांनी दमसुद्धा न घेता सहा सांगितले.

मग दोघं माझ्याकडे आले. चुलते खुर्चीवर बसले.

"सर, समोरच्या हॉटेलवाल्यायचं कसं हाय? माणूस म्हणून?"

"चांगले आहेत."

"पितात का?"

चौकशीत शब्द कुणी मोजत नाही. बांधावरून भांडण असलेला शेजारीही अशा वेळी "सोनं हाय माणूस" म्हणतो, तशी रीतच आहे. विचारणारा पाहतो ते उत्तर किती लवकर येतं ते. हे मला माहीत होतं. माझ्या भाचीच्या वेळी मी स्वतः असाच चेहरे पाहत हिंडलो होतो.

तरी मी थांबलो. सहा वर्षं मी त्यांना रोज पाहत होतो. पण पुण्याची चौदा वर्षं मी पाहिली नव्हती, आणि जे पाहिलं नाही त्याची हमी कशी द्यायची, असा विचार माझ्या मनात आला. या सवयीला मी जन्मभर प्रामाणिकपणा म्हणत आलो.

"नाही, पीत नाहीत," मी म्हणालो.

चुलते तोवर उठले होते. "बरं सर. येतो आमी."

निरोपानंतर दोन दिवसांनी मी हॉटेलात गेलो. बोर्ड काढलेला होता. मी गुरुवारचं सांगायला सुरुवात केली तर त्यांनी मला बसवलं.

"मध्यस्थानं सांगितलं मला सर. तुमी खोटं थोडंच बोलले? तुमी थांबले."

त्यांनी चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले. त्यानंतरही ते मला रोज चहा देत. कोपराबद्दल पुन्हा बोलले नाहीत. पोरं पत्ते विचारायला येत तेव्हा म्हणत, "इसरलो बाबा आता." एकानं टोमणा मारला, "मामा, जावई भेटला नाही म्हणून पब बंद केले काय?" त्यांनी फडकं उचललं आणि आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

स्थळ मोडलेली मुलगी म्हणून पुढची स्थळं उणीच येत गेली. सव्वा वर्षानं तिचं लग्न परभणीकडच्या एका बिजवराशी झालं. त्या घराला लेकरं सांभाळायला बाई हवी होती. मी रोज वाचनालयाच्या दारात खुर्ची टाकून बसत होतो. कुणी चौकशीला आलं नाही.

लग्नानंतरच्या हिवाळ्यात पुणेवाले गेले. सकाळी भट्टी पेटवताना छातीत कळ आली, नांदेडला पोहोचायच्या आत संपलं. दहाव्याला ती आली होती, दोन्ही सावत्र लेकरांना घेऊन. मी जवळ गेलो. तिनं पदर सारखा केला आणि धाकट्याला म्हणाली, "सरांच्या पाया पड." त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. मग ती लेकरांना घेऊन बायकांत जाऊन बसली.

हॉटेलला कुलूप आहे. मुलगी परभणीकडे आहे. तिनं नोकरी सोडली आहे. मी अजून समोर बसतो.

ते पीत नव्हते.