मी आईला गावाकडची बाई म्हणालो

घरमालकीण काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि आईनं दोन्ही हातांची ओंजळ केली. उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली, मान खाली घातली आणि पाणी वरून पडायची वाट बघत राहिली. काकूंचा हात जागीच थांबला. मग त्यांनी तांब्यातलं पाणी गटारीत ओतलं आणि तांब्या चुलीच्या राखेत टाकला. आई तशीच बसून होती.

साठ वर्षांची सवय. घोडनदीकाठच्या आमच्या गावात मोठ्या घरी आमच्या बायकांना पाणी असंच मिळायचं. भांडं हातात घ्यायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. शिक्रापूरला येताना एसटीत तिला सगळं पढवलं होतं. जयभीम म्हणू नकोस, आपल्या वस्तीचं नाव काढू नकोस. पाणी कसं घ्यायचं ते पढवायचं राहून गेलं.

साल दोन हजार एक. मी कारखान्यात फिटर होतो. ही खोली मिळण्याआधी सहा घरं फिरलो होतो. सगळीकडं आधी आडनाव, मग "म्हंजी तुम्ही कोण?" आमचं आडनाव पाटलांच्यातही सापडतं. काकूंनी त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं आणि मी दोन वर्षं तोंड शिवून राहिलो. आता आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिला पंधरा दिवस सावलीत ठेवायला ही एकच खोली होती.

"ही कोण हाय रं?" काकूंनी मला विचारलं. सकाळपर्यंत त्या मला अहो-जाहो करत होत्या.

आणि मी बोललो. ते शब्द जसेच्या तसे लिहितो.

"आई न्हाई माझी. गावाकडची बाई हाय. दवाखान्यात दाखवायला आणलीय."

आईनं वर बघितलं नाही. "व्हय बाई," ती म्हणाली, "गावाकडचीच हाय मी. पोरगं लई मायाळू हाय."

काकूंनी तिला गोठ्याशेजारी पडू द्यायला सांगितलं. आत घ्यायची नाही. मी आईचं गाठोडं उचललं आणि गोठ्याकडं निघालो. माझ्या पायांनी. गाठोडं शेणाजवळ ठेवलं तेव्हा आई हळूच म्हणाली की तू पोटभर जेव, मला इथं बरं आहे. तिथं माझ्यातलं काहीतरी फाटलं. मेलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटलं.

मी परत फिरलो. काकूंच्या दारात उभा राहिलो.

"ती माझी आई हाय. आम्ही महार होतो, आता बौद्ध हाय."

अंधार पडायच्या आत खोली सोडावी लागली. दुसरी मिळाली नाही. ऑपरेशन राहिलं आणि आईचा तो डोळा गेला तो गेलाच.

त्याच सुमारास दौंडला एक वकीलबाई आमच्या लोकांच्या हकिकती गोळा करत होत्या. दक्षिण आफ्रिकेत वंशभेदाविरुद्ध जगाची परिषद भरणार होती. तिथं जातीचाही जाब विचारायचा होता. महिन्यापूर्वी त्यांच्याकडं जाऊन मी नाव न देताच पळून आलो होतो. शिक्रापुरात कळलं तर? आता आईला घेऊन गेलो. सगळं सांगितलं. मी आईला नाकारलं, तेही लिहा म्हणालो. बाई म्हणाल्या, ते कशाला?

"ते बी दारं लावणाऱ्यांनीच माझ्याकडनं करून घेतलंय," मी म्हणालो.

परिषद झाली. आपल्या सरकारनं तिथं सांगितलं की जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरचा प्रश्न आहे. परिषदेच्या शेवटच्या जाहीरनाम्यात जातीचा शब्दसुद्धा आला नाही. पेपर हातात घेऊन मी दौंड स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो. घरचा प्रश्न! कुणाच्या घरचा? त्या घरात आईला गोठा दाखवतात.

आमचेच काही शिकलेले म्हणतात, जगापुढं आपली लाज कशाला उघडी करता? ज्यांची लाज आहे त्यांनी झाकावी. मी खोली मागायला जातो तेव्हा आता आडनावाआधी जात सांगतो. दारं लागतात. लागलेल्या प्रत्येक दाराची हकिकत मी वकीलबाईंकडं देतो, मालकाच्या नावगावासकट. जगानं वाचावी, न वाचावी. खाली सही माझी, पूर्ण नावानं. मधलं नाव आईचं.