एका चौकोनात दोनच रंग

सयाजीगंजातल्या एका कॉम्प्युटरवाल्याने मला फसवलं, आणि त्याच्या भरवशावर मी माझ्या ताईला फसवलं. पहिली गोष्ट त्याला माहीत होती. दुसरी मला कळायला अकरा वर्षं लागली.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. आजोबा गायकवाडी फौजेत होते, त्यांची तलवार भिंतीवर होती आणि डब्यात पीठ नव्हतं. ताईने भरतकामाचे नमुने काढून घर चालवलं. आलेखाच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक टाका. गुलाबाच्या एका पाकळीत ती चार तऱ्हेचे लाल रंग घालायची, आणि तिचे कागद कपड्यांचे व्यापारी घरी येऊन घेऊन जायचे. मी खंडेराव मार्केटाबाहेर लिंबं विकायला बसलो, तिथून जुन्या ऑफिस फर्निचरच्या धंद्यात आलो. भाव करण्यात मला बडोद्यात कोणी हरवलं नाही, असं मी तेव्हा म्हणायचो.

मग ताईचे डोळे अधू व्हायला लागले. कागदावरचे बारीक चौकोन एकमेकांत मिसळायचे. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू वाढत जाणार. त्याच सुमारास युनिव्हर्सिटीतल्या एका प्रदर्शनात तिने टीव्हीला जोडलेला घरगुती कॉम्प्युटर पाहिला. पडद्यावर बोटाच्या पेराएवढे चौकोन, प्रत्येक वेगळ्या रंगाने उजळलेला. घरी आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "अरे, मला ते दिसलं रे. एकेक टाका मोजता आला मला."

सयाजीगंजातल्या दुकानात दोन मशीनं होती. एक तिने पाहिलेलं, महाग. दुसरं त्याच्या निम्म्या आकाराचं, रबरी बटणांचं, स्वस्त. ताई म्हणाली, "मला घेऊन चल. दोन्हींवर एकेक फूल काढून बघते."

मी नाही म्हटलं. धंद्यात माझा एक नियम होता: ज्याला वस्तू हवी आहे त्याला दुकानात न्यायचं नाही. त्याच्या डोळ्यांत हाव दिसते आणि भाव चढतो. लग्नाचं कपाट घ्यायला मी नवऱ्यामुलीला कधी नेऊ दिलं नाही. ताईलाही नेलं नाही.

दुकानदाराने दोन्ही मशीनं शेजारी शेजारी लावली. महागड्यावर एक घर होतं, त्याच्या छपराला जिन्यासारख्या पायऱ्या पडलेल्या. ठिपकेच एवढाले. स्वस्तावर पोपट होता. चोच बारीक, पिसं बारीक, रंग झगझगीत.

"जुओ मोटाभाई, आ पोपट जुओ! पेलामां आवी चांच निकळे?"

चोच खरंच निघाली नसती. बारीक ते चांगलं, एवढंच मला कळत होतं. मी तोंड वाकडं केलं, दोनदा दुकानाच्या पायऱ्या उतरलो, दोनदा त्याने परत बोलावलं, आणि स्वस्त मशीन घेताना चित्रं काढायच्या प्रोग्रामची कॅसेट फुकटात उपटली. घरी येऊन ताईला सांगितलं, "तू बघितलंस त्यापेक्षा सरस निवडलंय."

ती पंधरा दिवस त्या रबरी बटणांवर बसली. हिरवं पान काढायची. पानाला लागून लाल टाका घातला की पानाचा तुकडाच लाल व्हायचा. तो हिरवा केला की पाकळीची कड हिरवी. ती पुसायची, नाक पडद्याला लावून पुन्हा मोजायची. शेवटी मला म्हणाली, "काहीतरी बिघडलंय बघ याचं."

मी तणतणत दुकानात गेलो. "आंधळी होत चाललेल्या बाईला असलं मशीन देतोस? लाज नाही वाटत?"

तो गल्ल्यामागून जवळ आला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बेनने ओछुं देखाय छे? तो पछी खोटुं बटन दबाई जतुं हशे. मशीनमां कंई नथी, मोटाभाई. बेननी आंख बतावी आवो."

ताईचे अधू डोळे मीच रागात त्याच्या हाती दिले होते. पोपट अजून मागे झगझगत होता. ताईकडूनच चुकीचं बटण दाबलं जात असणार, हे मला पटलं. घरी येऊन मी ताईवर ओरडलो, "मशीन ठीक आहे. तू नीट बघून बटणं दाब ना!"

 दुसऱ्या दिवशी तिने मशीनवर जुन्या साडीचं कापड घातलं. कपड्यांचा व्यापारी आला तेव्हा दारातच त्याला सांगितलं, "आता माझ्याकडून मोजणी होत नाही." त्यानंतर तिने आलेखाचा कागद घरात आणू दिला नाही. एरवीचं काही वर्षं तिला बरंच दिसत होतं. मग तेही गेलं.

अकरा वर्षांनी एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासचं सामान मी उचललं. खुर्च्यांच्या ढिगात तेच महागडं मशीन निघालं. माळ्यावरचं आमचंही काढलं आणि दोन्ही एका दुरुस्तीवाल्याकडे नेली, चालू झाली तर विकू म्हणून. ताईचा पानाचा किस्सा मी त्याला सहज सांगितला. तो हसला.

"काका, तो बिघाड नाही, त्याची जातच तशी. ठिपके बारीक, पण आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग मावतात, त्यातला एक मागच्या पडद्याचा. तिसरा घातला की आधीचा पळतो. त्या दुसऱ्याचे ठिपके जाडे, पण ज्याचा त्याला रंग."

"मग दुकानात त्यावर दाखवलेला पोपट?"

"पोपट बेतून काढलेला असणार. रंग बदलायचा तो चौकोनाच्या कडेवरच. विकणाऱ्यांना हे पहिल्या दिवशी कळतं."

घरी येऊन मी ताईला सगळं सांगितलं. ती पलंगावर बसून शेंगा सोलत होती. हात थांबले.

"म्हणजे तेव्हा मला दिसत होतं?"

"हो ताई."

"मी बरोबर मोजत होते?"

मी तिच्या पायांशी खाली बसलो. तिने माझ्या दिशेने हात केला, तो खांद्याऐवजी हवेत गेला. मग ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. मला दोष देणारा एक शब्द बोलली नाही, आजतागायत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परवा मी त्या दुकानात गेलो. आता तिथे मोबाईल विकतात. तो गल्ल्यावर होता, केस पिकलेले. "आवो मोटाभाई," म्हणाला. मी पोपटाची आठवण करून दिली. "याद नथी," म्हणाला.

त्यालाच म्हटलं: आठव. मी आता भाव करायला आलेलो नाही आणि मला मशीन परत करायचं नाही. समा भागात आमच्या घरी ये. ताईसमोर बस आणि तुझ्या तोंडाने तिला सांग, की त्या दिवशी तिचे डोळे चुकले नव्हते आणि ते तुला माहीत होतं. मी सांगून तिला पुरत नाही. मी तर तिच्यावर ओरडलो होतो. तूच सांगायला हवंस. कधी येतोस ते बोल.