आत्याच्या ओट्यावरची खानावळ

“ताई, तुमी लगेच या. बाई उठंना झाल्यात.” सकाळी आत्याच्या गल्लीत खानावळ चालवणाऱ्या गंगव्वाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या डब्यासाठी कणीक मळत होते. मी कणकेच्या हातांनीच स्कूटी काढली. गल्लीत पोचले तर आत्याच्या दाराशी खानावळीत जेवायला येणारी माणसं चपला काढून उभी होती. आत्या झोपेतच गेली होती. पांघरूण जागच्या जागी, चष्मा उशाशी घडी करून ठेवलेला. गंगव्वा पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळत होती, अजूनही.

कुसुमआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत आयुष्यभर मराठी आणि संस्कृत शिकवलं, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर सोलापुरातच अक्कलकोट रोडच्या बाजूला तळमजल्याचं छोटं घर घेऊन एकटी राहिली. गल्लीत तिला सगळे ‘बाई’च म्हणायचे. शाळेतल्या तिच्या शिस्तीच्या गोष्टी तिच्या विद्यार्थिनी अजून सांगतात, पण आम्हा भाचरांना धाक होता तो तिच्या स्वयंपाकघराचा. आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, उष्टा हात डब्याला लावायचा नाही आणि बाहेरचं खाणं उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. लग्नाकार्याला जातानाही तिच्या पिशवीत दशम्या असायच्या. माझ्या भावानं एकदा भजी आणली, तर तिनं त्याला फाटकाबाहेर उभं राहून ती खायला लावली आणि आत आल्यावर चूळ भरायला तांब्याभर पाणी दिलं. रागावली मात्र नाही. नियम म्हणजे नियम, त्यात रागवायचं काय, असा तिचा हिशेब.

अशा बाईच्या घरासमोरच इराण्णा आणि गंगव्वाची खानावळ होती. दोघं अक्कलकोटच्या पलीकडच्या, कर्नाटकाला लागून असलेल्या गावचे. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. एमआयडीसीतल्या यंत्रमागांवर टॉवेल आणि चादरी काढणारे कामगार सायकली लावून तिथे जेवायचे. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा, एखादी पातळ भाजी. दुपार झाली की खानावळीचा धूर आत्याच्या घरात शिरायचा आणि ती कुरकुरत खिडकी लावून घ्यायची. त्या दोघांशी तिचं बोलणं तेवढंच... “इराण्णा, तुमचा धूर.” “व्हय बाई, पाइप उंच करतो की.” पाइप कधी उंच झाला नाही.

मग लॉकडाऊन आला. माग थांबले, कामगार मिळेल त्या वाटेनं गावाकडे गेले. मी वीज खात्यात नोकरीला, त्यामुळे मला फिरायचा पास होता. कामावरून येताना मी आत्याला औषधं द्यायला जायचे आणि फाटकाशीच उभं राहून बोलायचे. एक दिवस ती खुर्ची टाकून उघड्या खिडकीशी बसलेली दिसली. “समोर चूल पेटत नाही गं,” ती म्हणाली. “इराण्णा सकाळी शटर अर्धं वर करतो, आत जाऊन बसतो, दुपारी खाली ओढतो. काय करत असेल आत?” मी म्हटलं, पार्सलला परवानगी आहे, पण मागवणार कोण? दुसऱ्या दिवशी आत्यानं माझ्यासमोरच गंगव्वाला फोन लावला. “मी समोरची. दोन भाकऱ्या आणि काय असेल ती भाजी पाठवा.” पलीकडून गंगव्वाचा आवाज आला, “बाई, आमचं जेवण तुमाला चालंल व्हय?” आत्या म्हणाली, “चालायचं काय त्यात? भूक लागलीय म्हणून मागवतेय.”

भाकरी आली ती वर्तमानपत्रात गुंडाळून. आत्यानं ती आत नेली नाही. व्हरांड्यात ताट घेतलं, पाट मांडला, चित्राहुती घातल्या आणि जेवली. मी फाटकाबाहेरून बघत होते. तिनं कडक भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. “दात शाबूत आहेत तोवर खावी अशी आहे,” एवढाच अभिप्राय. पुढे काही दिवसांनी ताट व्हरांड्यातून मधल्या खोलीत आलं. आणखी काही दिवसांनी मी गेले तर ती स्वयंपाकघरात बसून गंगव्वाचं वांगं खात होती. मी बघतेय हे तिला कळलं, पण तिनं मान वर केली नाही.

एकटीच्या दोन भाकऱ्यांनी खानावळ तगणार नाही हे तिला कळत होतं. मग तिनं फोन हातात घेतला. जुन्या विद्यार्थिनी, शाळेतल्या सहकारी, आमचे सगळे नातेवाईक... “आज घरी स्वयंपाक करू नकोस. गंगव्वाकडून मागव.” कुणी म्हणालं, बाई, बाहेरचं खायची भीती वाटते, तर उत्तर तयार असायचं: “मी खाल्लंय. जिवंत आहे.” जिनं आयुष्यात बाहेरचा घास खाल्ला नाही तीच सांगतेय म्हटल्यावर पुढे बोलायची सोय नव्हती. पार्सलं पोचवायला इराण्णा सायकलवर जायचा, माझ्या वाटेवरची मी न्यायचे. तेवढ्यावर न थांबता आत्यानं साखर पेठेतल्या एका तेलुगू कुटुंबाची इडली आणि नळ बाजाराजवळच्या बेकरीचे पावही गल्लीला खायला लावले. बेकरीवाले चाचा मला म्हणाले होते, “तुमारे फुफी का फोन आया तो हम डरकोच खडे हो जाते.”

दुसऱ्या लाटेत इराण्णा गेला. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि तिथून तो परत आलाच नाही. गंगव्वाला मुलंबाळं नव्हती. त्यात गाळ्याच्या मालकानं स्वतःच्या मुलाच्या दुकानासाठी गाळा परत मागितला. गंगव्वानं भांडी पोत्यात भरायला घेतली, भावाकडे गावी जाते म्हणाली. मी ही बातमी आत्याला सांगितली तेव्हा ती तुळशीला पाणी घालत होती. तांब्या तिथेच ठेवून, तोंडाला मास्क लावून ती रस्ता ओलांडून गेली. इतकी वर्षं समोर राहून खानावळीच्या आत तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल ठेवलं. मी मागोमाग होते. गंगव्वा पोत्याचं तोंड बांधत होती. आत्यानं इकडेतिकडे बघितलं, थंड चुलीवर हात ठेवला आणि म्हणाली, “गंगव्वा, माझ्याकडे ओटा आहे, गॅस आहे, पाण्याची पिंपं भरलेली आहेत. उद्यापासून तिथे कर.”

“बाई, तुमच्या घरात? न्हाय हो. तुमचं सगळं देवाधर्माचं. आनि आमच्यात आजार येऊन गेलाय, तुमचं वय झालंय...”

“तुझं माणूस गेलं,” आत्या म्हणाली. “चूल जाऊ देऊ नकोस.”

तोवर ती गंगव्वाला ‘तुम्ही’ म्हणायची. ‘तू’ त्या दिवशी आलं आणि कायम राहिलं. गंगव्वा पोत्यावरच बसली आणि रडायला लागली. आत्या जवळ गेली नाही, पाठीवर हात फिरवला नाही. ते तिला जमायचंच नाही. ती नुसती उभी राहिली, रडणं थांबेपर्यंत.

नंतरचे कितीतरी दिवस आत्याच्या स्वयंपाकघरातून खानावळ चालली. जिथे आम्हाला आंघोळीशिवाय जाता येत नव्हतं तिथे सकाळपासून भाकऱ्यांची थापटणी सुरू व्हायची. गंगव्वा पहाटेच आंघोळ करून यायची आणि उंबऱ्याशी थांबून विचारायची, “येऊ का बाई?” शेवटी आत्या वैतागून म्हणाली, “रोज विचारतेस, रोज हो म्हणते. थकले मी.” पार्सलांवर नावं घालायचं काम आत्याकडे. शाळेच्या फळ्यावरचं तिचं वळणदार अक्षर आता भाकरीच्या पुड्यांवर दिसू लागलं. भांडणंही व्हायची. गंगव्वाचा हात मिठाला सैल, आत्याची जीभ तिखट. चातुर्मास लागला तेव्हा गंगव्वानं घाबरतच विचारलं, आता लसणाचं काय करायचं? आत्या कांदालसूण चार महिने शिवत नसे. ती थोडा वेळ पुड्यांवर नावं घालत राहिली, मग म्हणाली, “नियम माझ्या ताटाला आहे. ओट्याला नाही.” त्या पावसाळ्यात तिच्या घराला लसणाच्या फोडणीचा वास यायचा आणि ती मधल्या खोलीत बसून वरणभात जेवायची. चार शब्द कानडीही शिकली. दुपारी मी गेले की दारातूनच “ऊटा आयता?” म्हणून विचारायची, म्हणजे जेवलीस का. तिचा उच्चार ऐकून गंगव्वा पदर तोंडाला लावून हसायची.

माग पुन्हा सुरू झाले, कामगार परतले, गंगव्वाला त्याच गल्लीत कोपऱ्यावर नवा गाळा मिळाला. पहिल्या दिवशी तिनं आत्याला जेवायला बोलावलं. मला वाटलं, ती ताट घरी मागवेल. पण आत्या इस्त्रीची सुती साडी नेसून गेली आणि टॉवेलच्या कारखान्यातल्या कामगारांच्या रांगेत बाकावर बसली. शेजारचा माणूस अंग चोरून सरकला, तर म्हणाली, “नीट बसा, जेवताना आखडू नये.” गंगव्वानं ताट आणलं. आत्यानं ते बघितलं आणि हळूच सांगितलं, “चटणी डावीकडे वाढतात गं.” सगळ्या ताटांतली चटणी त्या दिवसापासून डावीकडे गेली.

आत्याचे दिवस झाले, पाहुणे पांगले, घराला कुलूप लागलं. मध्ये काही आठवडे गेले. परवा कामावर जाण्याआधी काही कागद बघायला मी सकाळीच तिकडे गेले. बैठकीत सोलापूरची धूळ साठली होती, टेबलावर बोट फिरवलं तर रेघ उमटली. मग स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थांबले. ओटा ओला होता. नुकताच धुतलेला... फडकं पिळून नळावर वाळत घातलेलं.

कोपऱ्यावर गेले. गंगव्वा परातीत पीठ घेत होती. मला बघून तिला कळलं असावं, मी विचारायच्या आधीच म्हणाली, “किल्ली बाईनीच दिलीवती. माघारी घेतली न्हाय त्येनी. तुमी मागितली तर देते.”

“पण रोज कशाला जातेस?”

तिनं पिठात पाणी ओतलं. “आंगोळ झाली की आदी तिकडं जाते, मग हितली चूल पेटवते. पारोसा ओटा बाईना चालत न्हवता की.”

मी किल्ली मागितली नाही.