न फवारलेला गुडघा
कापराच्या तेलाचा वास आला, की मला कळस गावचे चुलते, आमचे तात्या, आठवतात. डाळिंबाच्या बागेत कुठलंही नवं औषध मारायचं झालं, की दोन ओळी ते मुद्दाम न फवारता सोडायचे. त्या ओळींपेक्षा बाकीची बाग उजवी दिसली, तरच दुकानदार खरा. पुढं त्यांचे दोन्ही गुडघे सारखेच दुखायला लागले, आणि नेमका त्यांचा बारामतीचा जावई गुडघ्याचं कापराचं तेल विकायला लागला. जावयानं आणलेली बाटली परत कशी करणार? तात्यांनी महिनाभर तेल चोळलं, पण फक्त डाव्या गुडघ्याला. मग एकदा पुरणपोळीच्या ताटावर जावयानं विचारलं, “मामा, पडला का फरक?” “पडला की! दोन्ही गुडघं झ्याक हायेत.” जावई फुलला. “पण उजव्याला तेल लावलंच न्हाय.” काकूंनी डोळे वटारले. जावई गडबडून म्हणाला, “आमचं तेल अंगात मुरतं. डावीकडनं उजवीकडं गेलं असंल.” तात्यांनी हातातला घास खाली ठेवला. “तसं असंल, तर उद्यापास्नं मी एकाच झाडाला फवारा मारतो, जावईबापू. बाग आपसूक सुधारंल!” काकूंनी घाईघाईनं जावयाच्या पोळीवर तुपाची धार सोडली आणि भिंतीकडं बघत म्हणाल्या, “म्हयनाभर खाटंवर लोळत हुते, बरं न्हाय हुणार तर काय गुडघं!” परवा माझे गुडघे धरले. मी झोपेत असताना बायकोनं मायेनं दोन्हींना तेच तेल चोळलं. आज दोन्ही बरे आहेत, आणि मी नुसता चडफडतोय.