आयोडीनचा रंग गेला तेव्हा

माझ्या गप्प बसण्याने एका माणसाची नोकरी गेली, हे मी आजवर कुणालाच, बायकोलाही, सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सिल्वासातल्या एका लहान कारखान्यात मी केमिस्ट होतो, नाशिकहून नुकताच आलेला. आम्ही मॅग्नेशियमचं एक सेंद्रिय संयुग बनवायचो: ईथरमध्ये मॅग्नेशियमचा कीस, त्यावर हळूहळू ब्रोमाइड. माझा ऑपरेटर शिरपूरकडचा, तिथल्याच आमली भागात खोली करून राहणारा, माझ्याहून वयाने मोठा. त्याला मी हौसेने बंध समजावायचो. कार्बन आणि मॅग्नेशियममधले इलेक्ट्रॉन कार्बन आपल्याकडे ओढतो, मॅग्नेशियम उघडं पडतं, मग ईथरचे दोन रेणू त्याला धरून ठेवतात.

“म्हंजे पगार सगळा बायकोकडे,” तो म्हणाला, “आन नवऱ्याले दोन मेव्हण्यांनी धरेल!”

त्या दिवशी मॅग्नेशियम अडून बसलं. क्रिया सुरू व्हावी म्हणून आयोडीनचा खडा टाकायची पद्धत होती. काचेतून पाहिलं तर तपकिरी रंग गेलेला. झालं सुरू, असं मी धरून चाललो. खरं तर नुसतं आयोडीनच मॅग्नेशियमशी क्रिया होऊन संपलं होतं. खरी खूण म्हणजे ईथर आपणहून उकळायला हवं. हे मी शिकलो होतो. पण बॅचला उशीर झालेला, आणि मॅनेजर सकाळपासून विचारत होते.

“ब्रोमाइड सोडू का आजून, साहेब?”

“सोडा भाऊ, थांबू नका.”

साचलेलं ब्रोमाइड मग एकदमच क्रियेत उतरलं. ईथर उसळून झाकणाबाहेर आलं आणि पेटलं. मी टेबलापाशी होतो, तो ब्रोमाइडच्या व्हॉल्व्हपाशी. त्याचे दोन्ही हात भाजले.

चौकशीत मॅनेजरनी विचारलं, “व्हॉल्व्ह कोणी उघडा ठेवला?”

“त्याने,” मी म्हणालो. शब्द खोटा नव्हता. पुढचं कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

हॉस्पिटलात पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून तो म्हणाला, “साहेब, तुम्ही एकदा सांगा ना त्यायले.”

“बघतो,” मी म्हणालो.

निष्काळजी ठरवून त्याला काढलं. आसपासच्या कुठल्याच कारखान्याने मग त्याला घेतलं नाही. तो गावी परतला. मी तिथेच राहिलो, वर चढलो.

त्याच्या घरी जाऊन, त्याच्या माणसांदेखत, हुकूम माझा होता हे सांगायचं, एवढं देणं मी अजून त्याचं लागतो.